लाल डोळा : आधी फॉल्ट शोधा, मग थेंब टाका

पाण्याची मोटर सुरू होत नसेल तर आपण काय करतो? आधी सप्लाय आहे का ते बघतो, मग फ्यूज, मग वायरिंग, मग कपॅसिटर आणि शेवटी वाइंडिंग. 'मोटर बंद' हे फक्त लक्षण आहे, फॉल्ट नाही, हे आपल्याला फर्स्ट इयरलाच शिकवतात. पण डोळा लाल झाला की हे सगळं शिक्षण आपण गुंडाळून ठेवतो. होस्टेलवर कुणाचाही डोळा लाल दिसला की निकाल एका वाक्यात लागतो, "याचे डोळे आले!" आणि लगेच कुणीतरी कपाटातून अर्धी वापरलेली बाटली काढून देतो, "हे टाक, मला दोन दिवसांत फरक पडला होता."

लाल डोळ्याची कारणं डझनभर तरी आहेत. त्यातली काही आपोआप बरी होतात, काहींना डॉक्टर लागतो, आणि दोन-चार अशी आहेत की चुकीचा थेंब टाकला तर नजर कायमची जाऊ शकते. ही कारणं ओळखायची कशी, हे सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न आहे. मी डॉक्टर नाही, पण माझी मावशी सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीत तिच्याकडे गेले की ती मला हेच शिकवत असते आणि हा लेखही मी तिला वाचून दाखवलेला आहे.

डोळा लाल होतो म्हणजे काय होतं?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्यात केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. एरवी त्या दिसत नाहीत. डोळ्याला कसलाही त्रास झाला की शरीर तिकडे जास्त रक्त पाठवतं, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. त्रास विषाणूचा असो, धुळीचा असो, जागरणाचा असो की आतल्या सुजेचा, लाली तीच. म्हणजे लाली हा कॉमन अलार्म आहे. अलार्म वाजला एवढंच कळतं, आग कुठे लागली ते कळत नाही.

दुसरा भाग म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच, कॉर्निया. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, ती ऑक्सिजन हवेतून आणि अश्रूंमधून घेते. पण तिच्यात नसांची टोकं इतकी दाट असतात की बारीक कणही खिळ्यासारखा खुपतो. या काचेला जखम झाली आणि ती चिघळली की बरी होताना पांढरा डाग राहतो. आपल्या गावाकडे त्याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात. नाव सुंदर आहे, पण फूल मधोमध पडलं तर त्या डोळ्याने दिसणं संपतं.

चार क्रियापदं

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे लहानपणी मला या सगळ्यासाठी एकच शब्द माहीत होता, 'पिंक आय'. भूमला आजीकडे राहायला लागल्यावर कळलं की मराठीत डोळ्याचं दुखणं किती नेमकं सांगता येतं. डोळा खाजतो, चुरचुरतो, खुपतो किंवा ठणकतो. मावशी म्हणते, पेशंटने यातला बरोबर शब्द सांगितला तर अर्धं निदान तिथेच होतं.

खाजतो : बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी.
चुरचुरतो : कोरडेपणा, जागरण किंवा डोळे येणे.
खुपतो : कचरा गेलाय किंवा समोरच्या काचेला इजा झालीय.
ठणकतो : डोळ्याच्या आत काहीतरी बिघडलंय. ताबडतोब डॉक्टर.

हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथून करा. आता एकेक कारण बघू.

१. डोळे येणे

जुलै २०२३ आठवतोय ना? पालखी सोहळा झाल्यावर पुण्याजवळच्या आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता साथ राज्यभर पसरली. सरकारी आकडे काही लाखांवर गेले. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी तपासलेल्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए-२४ नावाचा विषाणू सापडला.

अशी साथ नवी नाही. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशात एक नवीनच डोळ्यांची साथ आली. माणूस चंद्रावर उतरला तेच वर्ष, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो' नाव दिलं. १९७१ मध्ये ती भारतात पसरली. बांगलादेशचं युद्ध चालू होतं, त्यामुळे बंगालमध्ये तिचं नाव पडलं 'जय बांगला'. मुंबईतही तिने थैमान घातलं. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की डोळे येऊन गेल्यावर काही मोजक्या रुग्णांच्या पायातली शक्ती जातेय. १९७२ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. असं फार क्वचित होतं, पण 'डोळेच तर आलेत' म्हणून सगळंच हसण्यावारी नेऊ नये.

ओळख अशी : आधी एक डोळा लाल होतो, एक-दोन दिवसांत दुसरा. पाणी गळतं, चुरचुरतं, पापण्या सुजतात, कधी कानासमोर छोटी गाठ लागते. स्राव पाण्यासारखा असेल तर बहुधा विषाणू. घट्ट पिवळा-हिरवा पू असेल आणि सकाळी पापण्या चिकटून बसत असतील तर बहुधा जिवाणू. जिवाणूवर अँटिबायोटिक थेंब चालतात, विषाणूवर चालत नाहीत. विषाणूचे डोळे एक-दोन आठवड्यांत आपले आपण बरे होतात. म्हणजे रूममेटला दोन दिवसांत पडलेला 'फरक' कित्येकदा त्या बाटलीमुळे नसतोच!

एक महत्त्वाचा गैरसमज : डोळे आलेल्याकडे बघितल्याने डोळे येत नाहीत. विषाणू नजरेतून जात नाही, तो हातातून जातो. तो डोळा चोळतो, मेसमधल्या जगाला हात लावतो, तुम्ही तोच जग उचलता आणि चष्मा सारखा करायला हात डोळ्याकडे नेता. काळ्या गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. साथ थांबते साबणाने. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढायची सवय आहे हे मान्य, पण हात धुवायला बादलीभर पाणी लागत नाही. टॉवेल, उशी, रुमाल आणि मुलींनो, काजळ आणि आयलायनर, हे मैत्रीत सुद्धा शेअर करायचं नाही.

२. अ‍ॅलर्जी

दोन्ही डोळे एकदम लाल, भयंकर खाज, सोबत शिंका आणि चिकट दोरीसारखा पांढरा स्राव. हे संसर्गजन्य नाही, त्याला वाळीत टाकू नका. धूळ, परागकण, अगरबत्तीचा धूर, काहीही कारण असू शकतं. आपल्या माळावर, बांधावर आणि ग्राउंडच्या कडेला माजणारं गाजर गवत हेही एक कारण. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज सगळीकडे आहे. उपाय : चोळू नका, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरला दाखवा.

३. कोरडे डोळे, म्हणजेच सबमिशनचे डोळे

माणूस साधारण मिनिटाला पंधरा वेळा पापण्या मिटतो. पापणी म्हणजे गाडीचा वायपर, काच ओली आणि साफ ठेवणारा. स्क्रीनकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्याहून खाली जातं. मग रात्री दोनला ड्रॉइंग संपवताना डोळे लाल होतात, चुरचुरतात, आणि विचित्र म्हणजे पाणीही येतं. इथे नजर जराशी धूसर होते आणि पापण्या मिटल्या की परत स्पष्ट होते, ही खूण लक्षात ठेवा. उपाय सोपा : दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका, आणि झोपा.

४. रक्ताचा डाग

सकाळी आरशात बघितलं तर पांढऱ्या भागात लालभडक डाग, जणू कुणी रंग ओतलाय. सगळी रूम घाबरते. पण दुखत नाही, पाणी नाही, दिसतंय नीट. खोकला, उलटी, जिममध्ये जड वजन उचलणं, यामुळे एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते. दोन-तीन आठवड्यांत डाग विरून जातो. मार लागून झाला असेल तर मात्र दाखवायचं. आणि घरातल्या मोठ्या माणसांना असं झालं तर बी. पी. तपासून घ्या, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगा.

इथे एक धडा मिळतो. दिसायला सगळ्यात भयानक असलेला हा डोळा सगळ्यात निरुपद्रवी आहे, आणि पुढे येणारे खरे धोक्याचे डोळे कधीकधी फक्त गुलाबी दिसतात. लाली जास्त म्हणजे धोका जास्त, असं समीकरण मांडू नका.

५. वर्कशॉपचे डोळे

वेल्डिंगचा जॉब दुपारी होतो आणि रडारड रात्री बाराला. आमच्या बॅचच्या तीन-चार मुलांचं हेच झालं. आर्कमधून निघणाऱ्या अतिनील किरणांनी समोरच्या काचेचा वरचा थर भाजतो, पण दुखायला सहसा सहा ते बारा तास लागतात. म्हणून कारण आणि परिणाम यांची जोडी कुणाला लागत नाही. दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही. त्या रात्रीही कॉरिडॉरमधून साथीतली बाटली आलीच! आर्क लागलेला डोळा बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो, पण सकाळी डॉक्टरला दाखवा. दूध, मध, बटाट्याचा रस, काहीही आत घालू नका. शिल्डमधून बघायचं, शिल्डच्या बाजूने नाही. आणि शेजाऱ्याचा जॉब बघत उभ्या असलेल्यालाही आर्क लागतो.

ग्राइंडिंगचं वेगळं. तिथे एकाच डोळ्यात कण बसतो, पापणी उघडझाप केली की खुपतो. लोखंडाचा कण काचेत रुतून बसला की काही तासांतच भोवती गंजाचं कडं तयार व्हायला लागतं. रुमालाचं टोक, काडी, किंवा गावाकडची जिभेने कचरा काढणारी जाणती माणसं, यातलं काही नको. हातोडी-छिन्नीचं काम करताना काही उडालं असेल तर फारसं दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण वेगाने आलेला तुकडा डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो.

६. अ‍ॅसिड, चुना, सिमेंट

इथे विचार करायचा नाही, नळाखाली जायचं. बॅटरीचं अ‍ॅसिड असो, लॅबमधलं कॉस्टिक असो, साइटवरचं सिमेंट असो की पानाचा चुना, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने निदान वीस-तीस मिनिटं धुवायचं आणि मग दवाखाना. अ‍ॅसिडवर अल्कली टाकून न्यूट्रल करायची केमिस्ट्री डोळ्यात करू नका. आणि चुन्याला किरकोळ समजू नका. अल्कली अ‍ॅसिडपेक्षा खोल आत शिरते. घरात लहान मुलं असतील तर चुन्याची ट्यूब त्यांच्या हाताला लागू देऊ नका. दाबली की ती फुटते आणि बरोबर डोळ्यात उडते.

७. कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण वादविवाद स्पर्धेत वापरतो. आपल्या जिल्ह्यात कुसळ ही म्हण नाही, ती दुखापत आहे. ज्वारीची काढणी, सोयाबीनची मळणी, तुरीच्या काड्या, उसाचं पातं. माझ्या आईचे मामा कळंब तालुक्यात शेती करतात. मळणीच्या वेळी त्यांच्या डोळ्यात काहीतरी उडालं. डोळा लाल झाला, खुपायला लागला. मळणी यंत्र भाड्याचं होतं, काम थांबवणं शक्य नव्हतं. गावातल्या दुकानातून कुणीतरी थेंब आणून दिले. दोन दिवस लाली कमी झाली, घरचे निश्चिंत झाले. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. सोलापूरला नेलं तेव्हा कळलं की जखमेत बुरशी वाढली होती, आणि थेंबात स्टेरॉइड होतं. पुढे दोन महिने औषधं चालली. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने त्यांना आता फक्त उजेड आणि हलणारी सावली दिसते.

काडी, पातं, माती यांनी झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि बुरशीचं औषध वेगळं असतं. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. नेपाळमध्ये भक्तपूर भागात एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी डोळ्याला खरचटलेले लोक शोधून त्यांना साधं अँटिबायोटिक मलम तीन दिवस लावायला दिलं. ४४२ पैकी ४२४ जण संसर्ग न होता बरे झाले. ज्यांना इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही. म्हणजे महागडं मशीन नाही, तर पहिला दिवस डोळा वाचवतो. मळणी संपल्यावर बघू, असं आपल्या घरचे म्हणतात तेव्हा हा १८ चा आकडा त्यांना सांगा.

८. लेन्सवाल्यांसाठी

कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपू नका, आणि ती टाकीच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुवू नका. त्या पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून काचेला अल्सर करू शकतात. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखायला लागला तर लेन्स लगेच काढायची, परत घालायची नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

९. आतून लाल झालेला डोळा

इथे स्राव नसतो, चिपडं धरत नाहीत. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी असते आणि डोळा ठणकतो. विशी-तिशीतल्या मुलाला असं झालं, उजेड टोचत असेल, आणि सकाळी उठताना कंबर आखडत असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरला एकत्र सांगा. डोळ्याची आतली सूज आणि कमरेच्या सांध्यांचा आजार हे बऱ्याचदा जोडीने येतात.

आजी-आजोबांच्या बाबतीत काचबिंदूचा अचानक येणारा झटका लक्षात ठेवा. डोळा लाल, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलय. घरचे पित्त समजून लिंबू-सरबत देतात आणि इकडे डोळ्यातलं प्रेशर नस मारत असतं. यात काही तासांनीही फरक पडतो.

त्या बाटलीत काय असतं?

आता कपाटातल्या बाटलीकडे वळू. डोळ्याच्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड लाली झटपट कमी करतं, म्हणून ते 'चांगलं औषध' वाटतं. पण ते शरीराचा प्रतिकारही दाबतं. म्हणजे अलार्मची वायर कापायची आणि आग तशीच ठेवायची. बुरशी किंवा हर्पिसचा विषाणू असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. महिनोन्‌महिने टाकत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, तोही तरुण वयात. योग्य आजारात, डॉक्टरच्या देखरेखीखाली हेच स्टेरॉइड डोळा वाचवतं. त्यामुळे औषध वाईट नाही, अंदाजाने टाकणं वाईट आहे.

लेबल वाचायला शिका. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यापैकी नाव दिसलं, किंवा नावाच्या शेवटी 'सोन' अथवा 'सोलोन' आलं, की समजायचं स्टेरॉइड आहे.

दारामागे चिकटवायची चेकलिस्ट

डोळा लाल झाला की स्वतःला हे प्रश्न विचारा :

१) एक डोळा झाकून बघितल्यावर लाल डोळ्याने नेहमीसारखं दिसतंय का?
२) डोळा ठणकतोय किंवा सतत खुपतोय का?
३) उजेडाकडे बघवत नाही का?
४) काही उडालं, लागलं, सांडलं होतं का? लेन्स घालता का?
५) बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय का?
६) डोकेदुखी किंवा उलट्या आहेत का?

पहिल्याचं उत्तर 'नाही' किंवा बाकीच्यांपैकी एकाचंही 'हो' असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. जिल्हा रुग्णालय, सोलापूर, लातूर, बार्शी, जिथे लवकर पोचता येईल तिथे. प्रॅक्टिकल, सेशनल, मळणी, सगळं नंतर. रेक्टर सर आणि मॅडमना पण विनंती, अशा वेळी गेटपास लगेच द्यावा. सगळी उत्तरं ठीक असतील तर हात धुवा, चोळू नका, टॉवेल वेगळा ठेवा आणि दोन-तीन दिवस वाट बघा. कमी झालं नाही तर दाखवा.

आणि आज रात्री एक काम करा. आपापलं कपाट उघडा, मागच्या साथीपासून पडून असलेली डोळ्याच्या थेंबांची बाटली शोधा. बहुतेक थेंब उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. ती बाटली कचऱ्यात टाका, म्हणजे पुढच्या वेळी रूममेटने मागितली तरी द्यायला ती नसेल.